धूर, चहा आणि अस्सलपणा : वूयी पर्वतातील एका चवीचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर प्रथम कागद उभा राहतो. सनदा, पत्रे, हिशेबाच्या वह्या, शिलालेख आणि नाणी यांची परीक्षा करून अस्सल कोणते व बनावट कोणते हे ठरविण्याची शिस्त महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाने गेली शंभराहून अधिक वर्षे कसोशीने जोपासली आहे. खाद्यपेयांच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सहसा लावीत नाही. चव ही क्षणिक आणि वैयक्तिक गोष्ट. तिच्या आधारे इतिहास कसा सांगावा, अशी आपली समजूत असते. ती अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि पदार्थ तयार करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि त्या रीतीवर प्रदेशाचे हवामान, तेथील सरपण, बाजारपेठेची निकड व दूरच्या गिऱ्हाइकाची आवड यांचे ठसे उमटलेले असतात. ते वाचता आले तर चव हेही साधन होऊ शकते. अर्थात् इतर साधनांप्रमाणे तिलाही परीक्षेतून जावे लागते.

प्रस्तुत लेखात अशा एका चवीचा विचार करावयाचा आहे. चीनच्या आग्नेय भागातील फूच्येन प्रांतात, वूयी पर्वताच्या दऱ्यांत, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळविलेला सुट्या पानांचा काळा चहा तयार होतो. इंग्रजी व्यापारात तो लापसांग सूचाँग या नावाने प्रसिद्ध आहे. या चहाला धुराचा वास का, हा प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्रातला वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की कॅंटनची बाजारपेठ, लंडनमधील लिलाव आणि माळव्यातील अफूची शेते यांच्यापर्यंत जावे लागते. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे : धूर हा आरंभी पावसाळी डोंगरातील अडचणीचा परिणाम होता, पुढे तो मालाची ओळख पटविणारी खूण झाला, खूण झाल्यामुळे त्याची नक्कल होऊ लागली, आणि अखेरीस नकलेनेच परदेशातील आवड घडविली. यामुळे या चहाच्या बाबतीत ‘अस्सल’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरावा, हा प्रश्न सोपा राहत नाही.

१. स्थळ आणि नावे

वूयी पर्वताची रांग फूच्येन आणि च्यांगशी या प्रांतांच्या सीमेवर पसरलेली आहे. या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीच्या परिसरात, तोंगमू हे गाव वसले आहे. पाऊस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. धुके दाट, उन्हाचे दिवस थोडे, आणि चहाचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या आरंभी, म्हणजे ऐन पावसाळी दिवसांत येतो. आसमंतात पाइनचे जंगल विपुल. पुढील सर्व विवेचनाचा पाया या भौगोलिक वस्तुस्थितीत आहे.

वूयीचा चहा जुना आहे. युआन राजवटीत 1302 मध्ये येथे दरबारासाठी स्वतंत्र चहाचा मळा स्थापन झाला होता. त्या काळी दरबाराकडे जाणारा चहा दाबून वड्यांच्या रूपात तयार करीत. मिंग वंशाच्या संस्थापक सम्राटाने 1391 मध्ये वड्यांचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा पाठविण्याचा हुकूम काढला. पान वाटण्याऐवजी अखंड ठेवून वाळविण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना यामुळे वाव मिळाला. आपल्या विषयाची पूर्वपीठिका ही आहे.

नावांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी भाषेत ‘होंगछा’, म्हणजे लाल चहा, असे म्हणतात. आपले नाव कोरड्या पानाच्या रंगावरून आले, त्यांचे नाव पेल्यातील रंगावरून. फूच्येनच्या दक्षिण भागातील बोलीत वूयीचा उच्चार ‘बू-ई’सारखा होतो, त्यावरून युरोपीय व्यापाऱ्यांनी ‘बोही’ हे नाव बनविले. ‘सूचाँग’ हे ‘श्याओजुंग’चे रूप असून त्याचा अर्थ लहान जात असा होतो. चीनमध्ये या चहाचे पूर्ण नाव ‘जंगशान श्याओजुंग’ असे आहे. ‘जंगशान’ म्हणजे खरा, योग्य डोंगर. नावातच खऱ्या डोंगराचा उच्चार करावा लागावा, यावरून खोट्या डोंगराचा माल बाजारात होता हे उघड होते.

२. उत्पत्तीची कथा आणि तिची परीक्षा

या चहाच्या जन्माची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. मिंग वंशाच्या अखेरीस, किंवा दुसऱ्या पाठानुसार चिंग वंशाच्या आरंभी, सैन्याची एक तुकडी तोंगमूतून चालली होती. सैनिकांनी चहाच्या घरात मुक्काम ठोकला. ताजी खुडलेली पाने तशीच पडून राहिली आणि लालसर पडली. सैन्य निघून गेल्यावर गावकऱ्यांनी माल वाया जाऊ नये म्हणून पाइनची लाकडे पेटवून पाने घाईघाईने वाळविली आणि तो बिघडलेला चहा मिळेल त्या किमतीला विकून टाकला. पुढील वर्षी व्यापारी तोच चहा अधिक दाम देऊन मागू लागले.

कथा मनोरंजक आहे. परंतु तिला समकालीन कागदाचा आधार नाही. शिवाय तिच्या पाठांत काळाविषयी एकमत नाही, आणि दोन स्वतंत्र गोष्टींचा, म्हणजे पाने लाल पडण्याचा आणि धुरावर वाळविण्याचा, उगम ती एकाच रात्रीत दाखविते. बखरींची परीक्षा करताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथेही बाळगली पाहिजे. सर्व गावाच्या अनुभवातून हळूहळू घडलेला बदल एका प्रसंगात गोळा करणे ही लोककथेची नेहमीची रीत आहे. तथापि बखरीत तपशील चुकला तरी परिस्थितीचे चित्र बरोबर असू शकते. ओल, घाई, हाताशी असलेले लाकूड आणि दूरचा गिऱ्हाईक हे या कथेतील चारही घटक खरे आहेत.

समकालीन पुरावा पाहिला तर वेगळे चित्र दिसते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चोंगान जिल्ह्याचा अधिकारी असलेल्या ल्यू चिंग याने आपल्या टिपणांत वूयीच्या नवव्या वळणावरील शिंगत्सुन या बाजारगावाची माहिती दिली आहे. तेथे दलालांच्या पेढ्या होत्या. फूच्येनमधील शाओवू आणि च्यांगशीतील क्वांगशिन या भागांतून काळ्या पानांचा व लाल रंग उतरणारा चहा तेथे आणून खासगी रीतीने विकला जात असे, असे तो नमूद करतो. या नोंदीवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, लाल चहा तोपर्यंत वूयीच्या आसपास चांगला रुळला होता. दुसरी, बाहेरचा माल वूयीच्या बाजारात येऊन वूयीच्या नावात मिसळण्याची वाट त्या वेळीच मोकळी झाली होती. धुराचा उल्लेख मात्र या नोंदीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. धुराच्या घराची रीत

तोंगमूतील जुन्या पद्धतीत चहा ज्या इमारतीत तयार होतो तिला ‘छिंगलौ’ म्हणतात. ही अनेक मजल्यांची लाकडी इमारत असते. तळाशी पाइनची लाकडे जळतात. वरच्या मजल्यांच्या जमिनी फटींच्या असून त्यांवर बांबूच्या चटया अंथरलेल्या असतात. खुडून आणलेली पाने प्रथम या चटयांवर पसरतात. ऊन असते तर पाने अंगणात कोमेजली असती. ते नाही म्हणून खालून येणारी ऊब हे काम करते. त्या उबेबरोबर धूरही येतो. चहाचे पान कोणताही वास चटकन् शोषून घेते. फूचौ येथे चहाला मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास देतात तो याच गुणाच्या आधारावर.

कोमेजलेली पाने वळून त्यांतील रस बाहेर आणतात आणि ती टोपल्यांत दाबून काही तास झाकून ठेवतात. या क्रियेला व्यवहारात आंबविणे म्हणतात. वस्तुतः हे सूक्ष्म जंतूंचे काम नाही. पानातील विकर आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने पान तांबूस होते व हिरवा वास जातो. नंतर तापलेल्या लोखंडी कढईत पाने थोडा वेळ परतून ही क्रिया थांबवितात, पुन्हा वळतात, आणि अखेर बांबूच्या चाळण्यांत पसरून खालच्या मजल्यावर कित्येक तास धुरावर वाळवितात. या वेळी राळ भरपूर असलेले लाकूड वापरतात. म्हणजे धूर पानाला दोनदा भेटतो : पान ओले आणि जिवंत असताना एकदा, आणि ते तयार होऊन वाळत असताना दुसऱ्यांदा.

आपल्या स्वयंपाकात निखाऱ्यावर तूप सोडून पदार्थाला धुंगार देतात. तेथे धूर मुद्दाम, वासासाठीच, वरून दिलेला असतो. तोंगमूच्या रीतीत मूळ हेतू पान कोमेजविण्याचा व वाळविण्याचा आहे. वास त्याच्या मागोमाग आला. रसायनशास्त्राच्या अलीकडील पृथक्करणातही या चहाच्या सुवासात लाँगिफोलीन आणि अल्फा-टर्पिनिऑल ही पाइनशी निगडित द्रव्ये ठळकपणे आढळली आहेत. त्यांच्या जोडीला लाकूड जळताना निघणारी ग्वायाकोलसारखी द्रव्ये असतात. पेल्यातला वास हा त्या डोंगरातील जंगलाचाच अंश आहे असे म्हणावयास हरकत नाही.

४. कॅंटनचा बाजार आणि किमतीचा कागद

सतराव्या शतकाच्या आरंभी डचांनी चहा युरोपात नेला आणि पुढील शतकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तो आपल्या व्यापाराचा आधारस्तंभ केला. 1757 पासून 1842 पर्यंत युरोपीयांना समुद्रमार्गे व्यापाराची मोकळीक केवळ कॅंटन येथे होती. त्यामुळे वूयीचा चहा जवळच्या समुद्राकडे न जाता उलट दिशेने जात असे. शिंगत्सुनहून हमालांच्या खांद्यावर डोंगर ओलांडून तो च्यांगशीतील हको या नदीकाठच्या गावी येई. तेथून होड्यांनी पोयांग सरोवर, मग कान नदीने दक्षिणेकडे, मेलिंग खिंडीतून पुन्हा हमालांच्या पाठीवर, आणि अखेर पुन्हा नदीने कॅंटनला. 1849 मध्ये या भागात वेषांतर करून फिरलेला रॉबर्ट फॉर्च्यून लिहितो की उंची चहाची पेटी वाहणारा हमाल ती बांबूच्या दांड्यांवर अशा बेताने नेई की विसाव्याच्या वेळीही पेटी जमिनीला टेकू नये. हलक्या चहाला ही काळजी नव्हती. प्रतवारी केवळ वासात नव्हे, वाहतुकीतही पाळली जात होती.

त्या प्रतवारीत सूचाँगचे स्थान कोणते होते, याचा एक आकडेवार पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. 16 डिसेंबर 1773 रोजी बोस्टनच्या बंदरात वसाहतवाल्यांनी कंपनीच्या चहाच्या 340 पेट्या समुद्रात फेकल्या. त्यांपैकी 240 बोहीच्या, 15 काँगूच्या आणि 10 सूचाँगच्या होत्या. उरलेल्या 75 हिरव्या चहाच्या. बोही हा सामान्य माणसाचा स्वस्त चहा, काँगू त्याहून बरा, आणि सूचाँग थोड्यांना परवडणारा. येथे मात्र एक सूचना दिली पाहिजे. अठराव्या शतकातील कागदात ‘सूचाँग’ हा शब्द आला म्हणजे तो चहा धुराच्या वासाचाच होता, असे गृहीत धरता येत नाही. तेथे हा शब्द प्रतीचा वाचक आहे. चवीचा वाचक तो नंतर झाला. एकाच शब्दाचे दोन काळांतील अर्थ एक मानणे हा संशोधनातील नेहमीचा धोका येथेही आहे.

1784 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये चहावरील जकात 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आली आणि मागणी एकदम वाढली. ही किंमत चुकती करण्यासाठी कंपनीला चीनमध्ये खपणारा माल हवा होता. येथे आपल्या प्रदेशाचा संबंध येतो. मुंबई बंदरातून कॅंटनला जाणाऱ्या पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाची निर्यात या सुमारास वाढीस लागली. त्यानंतर अफूने कापसाला मागे टाकले. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती. परंतु माळव्यातील अफू शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे. ती अडविण्याचे व स्वतःच विकत घेण्याचे कंपनीचे प्रयत्न फसल्यावर 1830 च्या सुमारास परवान्याची जकात घेऊन ती मुंबईमार्गे जाऊ देण्याचे धोरण स्वीकारले गेले. जमशेटजी जीजीभाई (1783–1859) यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत चीनबरोबरच्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. लंडनमधील दिवाणखान्यात सूचाँगचा पेला भरला जाई त्याची किंमत काही अंशी उज्जैन-इंदूरच्या शेतकऱ्याच्या खसखशीच्या बोंडांतून निघत असे. मराठेशाहीच्या उत्तरकाळाचा अभ्यास करणाऱ्याने ही नोंद विसरू नये.

या व्यवहाराचा शेवट युद्धात झाला. 1839 ते 1842 च्या अफूच्या युद्धानंतर नानकिंगच्या तहाने पाच बंदरे खुली झाली. त्यांत वूयीच्या नैसर्गिक वाटेवरचे, मिन नदीच्या मुखाजवळचे फूचौ होते. 1853 नंतर तायपिंग बंडामुळे अंतर्भागातील रस्ते धोक्यात आले, तेव्हा चहा मिन नदीने फूचौला उतरू लागला. 1866 मध्ये फूचौहून निघालेली तायपिंग आणि एरियल ही शिडाची जहाजे 99 दिवसांनी लंडनला अवघ्या 28 मिनिटांच्या अंतराने लागली. वेगाची ही स्पर्धा 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर अल्पावधीतच इतिहासजमा झाली.

५. खूण आणि तिची नक्कल

धुराचा वास खूण केव्हा झाला, हे समजण्यासाठी चीनबाहेर पाहावे लागते. फॉर्च्यूनने नेलेली रोपे व कारागीर आणि आसाममधील देशी झाड यांच्या बळावर हिंदुस्थानात चहाचे मळे वाढले. आसामच्या चहाचा लंडनमधील पहिला लिलाव 1839 मध्ये झाला होता. 1880 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनला जाणाऱ्या हिंदी चहाने चिनी चहाला मागे टाकले. या मळ्यांत यंत्रे आली. 1881 मध्ये बेलफास्ट येथे कारखाना काढणाऱ्या सॅम्युएल डेव्हिडसनच्या वाळवणयंत्रांत गरम हवा पानातून खेळविली जाई आणि भट्टीचा धूर वेगळा निघून जाई. अशा चहाला धुराचा वास आला तर यंत्राची नळी गळत आहे असा त्याचा अर्थ. चहा-परीक्षकांच्या परिभाषेत धुरकटपणा हा आजही दोष म्हणून नोंदला जातो.

म्हणजे एकच गुण एका मालात दोष ठरला आणि दुसऱ्या मालात वैशिष्ट्य. जगातील बहुतेक काळा चहा निर्धूर झाला म्हणूनच धुराचा चहा वेगळा दिसू लागला. जोवर सगळेच लाकडाच्या किंवा कोळशाच्या आचेवर वाळत होते तोवर या वासाला एवढे महत्त्व येण्याचे कारण नव्हते. चिनी चहाचा मोठा बाजार गेला. उरला तो विशिष्ट आवडीच्या गिऱ्हाइकांचा लहान बाजार, आणि त्या गिऱ्हाइकाला धूर हवा होता.

खूण ठरली की तिची नक्कल करणे सोपे असते. उंची, माती, धुके आणि झाडाचे वय यांची नक्कल करता येत नाही. धुराची करता येते. फूच्येनच्या इतर भागांतील साधा काळा चहा घेऊन तो तयार झाल्यावर पाइनचा धूर देण्याची पद्धत रूढ झाली. चिनी व्यापारात अशा मालाला ‘यान श्याओजुंग’, म्हणजे धुराचा श्याओजुंग, किंवा बाहेरच्या डोंगराचा श्याओजुंग असे म्हणतात. पानाची उणीव झाकण्यासाठी धूर अधिक दिला जाई. तोंगमूच्या डोंगरात पिकणारा चहा मुळात थोडा. म्हणून परदेशात लापसांग सूचाँग म्हणून जे प्यायले गेले त्यात या बाहेरच्या मालाचा भाग मोठा होता. त्याच्या तिखट वासाची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला खऱ्या डोंगराचा सौम्य चहा पुष्कळदा फिका वाटे. कागदांच्या बाबतीत बनावट सनद अस्सल सनदेसारखी दिसण्याची खटपट करते. येथे क्रम पुढे जाऊन उलटला आणि अस्सलाची परीक्षा नकलेच्या मापाने होऊ लागली.

६. रुचिपरीक्षा

हा भेद पेल्यात तपासता येतो. त्यासाठी आपल्याकडील चहाची नेहमीची रीत बाजूला ठेवावी लागते. दूध, साखर आणि आले घालून उकळलेल्या चहात आसामच्या चहाच्या पुडीचा कडकपणा टिकून राहतो; या चहाचे बारकावे मात्र त्यात बुडून जातात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षापद्धतीत दर 100 मिलिलिटर पाण्यास 2 ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे, असे प्रमाण आहे. ते गुणदोष उघडे पाडण्यासाठी आहे. आस्वादासाठी 150 मिलिलिटर पाण्यास 3 ग्रॅम पाने घेऊन, भांडे आधी ऊन करून, त्यावर उकळते पाणी ओतावे आणि तीन मिनिटांनी गाळावे. पाने उकळू नयेत. फूच्येनमधील रीतीने करावयाचे असेल तर झाकणाच्या लहान वाटीत सुमारे 5 ग्रॅम पाने घेऊन तीच पाने थोड्या थोड्या सेकंदांसाठी पाच-सहा वेळा भिजवावी. इतिहासाच्या अभ्यासकाला ही दुसरी रीत अधिक उपयोगी पडेल, कारण धूर आणि पान हे दोन थर तिच्यात क्रमाने उलगडतात.

कोरडे पान काळे, लांबट आणि जाडसर दिसते. कोवळ्या अंकुरांची सोनेरी टोके त्यात विशेष नसतात, कारण जुन्या पद्धतीत अंकुराखालची मोठी पानेही घेतली जातात. पहिल्या भिजवणीत नाकाला प्रथम पाइनचा धूर जाणवतो. चिनी परीक्षक या चहाचे वर्णन करताना पाइनच्या धुराचा वास आणि वाळलेल्या लोंगन फळाच्या काढ्याची गोडी अशी जोडी सांगतात. लोंगन हे लिचीच्या कुळातील फळ. वाळल्यावर त्याची चव मनुका आणि गूळ यांच्या मधली लागते. खऱ्या डोंगराच्या चहात दुसऱ्या-तिसऱ्या भिजवणीत धूर मागे सरतो आणि ही गोडी पुढे येते. घशात तुरटपणा थोडा राहतो. बाहेरच्या मालात धूर पहिल्या घोटालाच डांबरासारखा अंगावर येतो आणि तो ओसरला की पाणी पातळ, निःसत्त्व लागते. पहिल्यात धूर पान कोमेजत असल्यापासून त्याच्याशी एकजीव झालेला असतो, दुसऱ्यात तो तयार पानावर चढविलेला असतो. उत्पादनाची रीत चवीवरून ओळखता येते ती अशी.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आजचा पेला म्हणजे अठराव्या शतकातील पेला नव्हे. त्या काळचा चहा शिशाच्या पत्र्याने मढविलेल्या पेट्यांतून महिनोन्‌महिने प्रवास करी. 1784 च्या कायद्यान्वये कंपनीला वर्षभराच्या खपाइतका साठा वखारीत ठेवावा लागे, म्हणून लंडनच्या गिऱ्हाइकाच्या हाती तो पडे तोवर खुडणीला दीड-दोन वर्षे सहज होऊन जात. तेथील पाणी वेगळे, आणि दुधाची सवयही वेगळी. म्हणून चवीच्या परीक्षेतून रीतीचा पुरावा मिळतो. पूर्वीच्या माणसाला ती चव कशी वाटली, हे सांगावयास कागदच लागतो. रशियाकडे जाणाऱ्या चहाविषयी असेच सांगितले जाते की वाटेतील तांड्यांच्या शेकोट्यांमुळे त्याला धुराचा वास लागला. क्याख्ताच्या 1727 च्या तहानंतर तो खुष्कीचा व्यापार भरभराटीस आला हे खरे; परंतु बंद, मढविलेल्या पेट्यांतील चहाला शेकोटीने वास लागण्यापेक्षा उत्पादनाच्या वेळच्या आचेनेच तो लागण्याचा संभव कितीतरी अधिक आहे. चवीचा पुरावा येथे दंतकथेची परीक्षा करण्यास उपयोगी पडतो.

७. एकविसाव्या शतकातील उलटापालट

वूयीच्या या भागात 1979 मध्ये निसर्गरक्षित क्षेत्र स्थापन झाले आणि 1999 मध्ये वूयी पर्वताची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. जंगलतोडीवर बंधने आली. साहजिकच पाइनचे सरपण महाग व दुर्मिळ झाले. 2005 मध्ये तोंगमू येथेच केवळ कोवळ्या अंकुरांपासून, धूर न देता, ‘जिनजुनमे’ नावाचा नवा काळा चहा तयार करण्यात आला. चीनमधील श्रीमंत गिऱ्हाइकाने त्याला इतकी मोठी किंमत दिली की गावाचे अर्थकारणच बदलले. श्याओजुंगही आता मोठ्या प्रमाणात निर्धूर रीतीने तयार होतो.

दुसरीकडे, 2014 मध्ये युरोपीय संघाने चहातील अँथ्राक्विनोन या द्रव्याची मर्यादा किलोमागे 0.02 मिलिग्रॅम अशी ठरविली. लाकूड जळताना हे द्रव्य निर्माण होते; त्यामुळे जुन्या पद्धतीने धुरविलेला चहा ही मर्यादा सहज ओलांडतो आणि त्याला युरोपच्या बाजारात प्रवेश मिळणे कठीण झाले आहे. ज्या युरोपच्या मागणीने धुराला प्रतिष्ठा दिली त्याच युरोपच्या कायद्याने त्याला अटकाव केला. आणि ज्या गावाने धुराला जन्म दिला तेथील उंची माल आज निर्धूर आहे.

८. समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अस्सल चहा कोणता? जंगलाच्या सरपणावर धुरविलेला तोंगमूचा चहा हे एक उत्तर. त्याच डोंगरात पिकलेला, पण निर्धूर असलेला नवा चहा हे दुसरे. आणि दोन शतके परदेशात ज्याला लोकांनी याच नावाने ओळखले, तो बाहेरच्या डोंगराचा तिखट चहा हे तिसरे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने यांतून एक निवडणे सोपे आहे, कारण त्याला आपल्या जिभेचे समाधान करावयाचे असते. इतिहासकाराला तसे करता येत नाही. बनावट सनद अधिकार सिद्ध करण्यास निरुपयोगी असली तरी ती ज्या काळी बनविली गेली त्या काळाविषयी ती खरेच बोलते. त्याप्रमाणे नकली श्याओजुंग तोंगमूविषयी काही सांगत नसला तरी फूचौचा बाजार आणि परदेशी गिऱ्हाइकाची अपेक्षा यांविषयी तो उत्तम साक्षीदार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तोंगमूच्या कारागिराची आहे. धूर हे त्याच्या परंपरेचे सार आहे, असे त्याने स्वतः प्रथम म्हटलेले दिसत नाही. पाऊस होता, ऊन नव्हते, पाइन होता. त्याने पान वाळविले. त्याला परंपरेचे रूप बाजाराने दिले आणि आता बाजारच ते काढून घेत आहे. छिंगलौच्या इमारती, कोणत्या लाकडाची आच केव्हा द्यावी याचे ज्ञान आणि ते ज्ञान असणारे हात यांची नोंद आज करणे शक्य आहे. धूर विझल्यावर ती केवळ चवीच्या वर्णनांवरून करावी लागेल, आणि वर्णने किती फसवी असतात हे वर पाहिलेच आहे. आपल्याकडील गूळ, मीठ, मासळी, तेलघाणी यांसारख्या व्यवसायांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या उदाहरणावरून एवढा बोध घ्यावा, की पदार्थ कसा लागतो याबरोबरच तो तसा का लागतो हे विचारावे, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे हयात आहेत तोवर विचारावे.